कॅप्टनला सुरुवातीच्या पाचातून काढलं, तेव्हापासून संघात बोलणं कमी झालंय. खेळायची मिनिटं कशी वाटून द्यायची?

मधली_रेषा (प्रश्न)

नमस्कार. मी मुलींच्या कॉलेज बास्केटबॉल संघाची कोच आहे, हे माझं दुसरं वर्ष. स्वतः बरीच वर्षं पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी) खेळले, त्यामुळे खेळ शिकवायची भीती कधी वाटली नाही. पण कोणाला किती खेळवायचं या प्रश्नानं आता रात्रीची झोप उडालीय, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

संघ बारा जणींचा. नावं लिहीत नाही, जर्सीच्या नंबरानं सांगते.

७ नंबर कॅप्टन, शेवटचं वर्ष. गेली दोन वर्षं आमची पहिली पॉइंट गार्ड तीच. अख्खा संघ तिच्या आवाजावर चालतो. डिफेन्समध्ये मागून स्क्रीन (वाट अडवायला उभी राहणारी समोरची खेळाडू) येतोय हे ती ओरडून सांगते, तेव्हा बाकीच्या चौघी मान न वळवता जागा बदलतात. गेल्या हंगामाच्या शेवटी तिचा गुडघा दुखावला. ऑपरेशन लागलं नाही, सहा महिन्यांनी परत खेळायला लागली, पण बाजूला सरकताना पहिलं पाऊल उशिरा पडतं. समोरची गार्ड वेगवान असली की पहिल्याच ड्रिबलला तिला मागे टाकते, मग रिंगखाली खेळणारी आमची सेंटर मदतीला धावते आणि फाऊल सेंटरच्या नावावर चढतात. गेल्या तीन मॅचमध्ये सेंटर दोनदा पाच फाऊल होऊन बाहेर बसली. एकातून दुसरं कसं निघतंय ते मला दिसत होतं, पण बरेच दिवस मी त्याकडे डोळेझाक केली.

१४ नंबर पहिल्या वर्षाची. बॉलवर अशी चिकटते की समोरच्या गार्डला मधली रेषा ओलांडतानाच आठ सेकंदांची धास्ती पडते (तेवढ्यात बॉल रेषेपलीकडे न्यावाच लागतो). सेट (ठरवलेली चाल) खेळताना मात्र घाई करते, आणि मोठ्या मुलींना ओरडून काही सांगायला अजून बिचकते.

९ नंबर दुसऱ्या वर्षाची फॉरवर्ड. बेंचवर शेवटून तिसऱ्या खुर्चीत बसते. मी उठून उभी राहिले की ती वॉर्मअप जॅकेटची चेन अर्ध्यापर्यंत खाली ओढते. मी दुसऱ्या कोणाला हाक मारली की चेन परत गळ्यापर्यंत वर. मागच्या मॅचचा व्हिडिओ बघताना कोपऱ्यात आमचं बेंच दिसत होतं. मी मोजलं, अकरा वेळा तिनं चेन खाली-वर केली. शेवटी तिला तिसऱ्या क्वार्टरला आत पाठवलं, पहिलाच पास हातातून निसटून बाहेर गेला, आणि त्याच शिट्टीला मी तिला परत बोलावलं. त्यानंतर जॅकेट तिनं मांडीवर ठेवलं, घातलंच नाही.

आता माझी चूक सांगते. त्याच मॅचला मी ७ नंबरला सुरुवातीच्या पाचातून काढून १४ ला घेतलं. निर्णय मी दोन दिवस आधीच केला होता. पण तिला सांगितलं मॅचच्या पाच मिनिटं आधी, लेअपची (रिंगजवळ जाऊन बॉल टाकायच्या सरावाची) लाइन चालू असताना, बाजूला बोलावून. "आज तू दुसऱ्या लॉटमध्ये येशील," एवढंच. ती "हो मॅडम" म्हणाली आणि लाइनमध्ये परत गेली. तिचा पुढचा लेअप रिंगला लागून बाहेर आला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मॅच आम्ही चार गुणांनी हरलो. १४ चांगली खेळली, सेंटरचे फाऊल तीनवर राहिले, म्हणजे निर्णय खेळाच्या हिशेबानं चुकला नव्हता. तरी तेव्हापासून सरावात पाणी प्यायला थांबलो की सीनियर एका बाजूला, ज्युनियर दुसऱ्या बाजूला. १४ बिचारी मध्येच कुठेतरी उभी असते. एका मुलीच्या घरून फोन आला की आमची मुलगी रोज सरावाला येते, मग खेळत का नाही. माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

विचारायचं आहे ते असं. खेळाडूला तिची भूमिका आधी सांगावी का, आणि किती स्पष्ट? बारापैकी किती जणी रोटेशनमध्ये, म्हणजे आलटूनपालटून खेळणाऱ्यांत, घ्याव्या? ज्या खेळणारच नाहीत त्यांचं काय करायचं? आणि कॅप्टन बेंचवरून आली तर तिचा मान राहतो का? पुढची मॅच नऊ दिवसांवर आहे.

---

बेसलाइन

मॅडम, बावीस वर्षं कॉलेजची पोरं खेळवतोय, मुलांचे आणि मुलींचे दोन्ही संघ. तुमची पोस्ट दोनदा वाचली. लेअपच्या लाइनमध्ये सांगण्याची चूक मीही केलेली आहे, आणि माझा तो खेळाडू त्यानंतर वर्षभर माझ्याशी फक्त "हो सर" इतकंच बोलला. तुमची कॅप्टन अजून सरावाला येतेय, आवाज देतेय. तेव्हा आजच्या आज तिच्याशी बोला. सुरुवात माफीनं करा: निर्णयाची माफी मागू नका, ज्या पद्धतीनं सांगितलं त्याची मागा. या दोन गोष्टी तिच्यासमोर वेगळ्या करून ठेवल्या तरच पुढचं बोलणं होईल.

आता हिशेब. चाळीस मिनिटांची मॅच, पाच जागा, म्हणजे एकूण २०० मिनिटं. बारा जणींना सारखी वाटली तर प्रत्येकीला सोळा मिनिटं चाळीस सेकंद येतात. तसं कोणी खेळवत नाही, आणि मुलींनाही ते नको असतं, कारण त्यांनाही जिंकायचं असतं. तुमच्या जागी मी काय करेन? पाच जणींना २६ ते ३० च्या घरात, पुढच्या तिघींना १४ ते १८, आणि नववीला सात-आठ. बेरीज करून बघा, दोनशेच्या आसपास जाते. दहावी, अकरावी, बारावी या मॅचच्या रोटेशनमध्ये नाहीत. हे त्यांना आधीच माहीत हवं. प्रत्येक मॅचला चेन खाली ओढून वाट बघायला लावणं मला क्रूर वाटतं. तुमच्या ९ नंबरचं वाचून मला माझी काही पोरं आठवली, त्यांच्याकडे तेव्हा मी बघितलंही नव्हतं.

भूमिका सांगायची ती एकेकीला, बसून, दहा-पंधरा मिनिटं देऊन. संघासमोर कधीच नाही. आणि आपण बोलायच्या आधी तिला विचारायचं: "या संघात तुझं काम काय आहे असं तुला वाटतं?" उत्तरं ऐकून तुम्ही गप्प व्हाल. माझ्या एका फॉरवर्डनं सांगितलं होतं, "सर, माझं काम चुका न करणं." त्याला मी रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला) घेतलं होतं, आणि तो बॉलजवळ जायलाच घाबरत होता, कारण बॉलजवळ गेलं की फाऊल होतो. दोन वर्षं आम्ही दोघं वेगवेगळ्या खेळात होतो म्हणा ना.

त्यानंतर तीन गोष्टी सांगायच्या: आज तू कुठे आहेस, मला तुझ्याकडून काय हवंय, आणि काय झालं तर हे बदलेल. तिसरी गोष्ट बहुतेक कोच गाळतात. "मेहनत कर, संधी मिळेल" हे काहीच न सांगण्यासारखं आहे. "कमकुवत हाताने लेअप दहापैकी सात व्हायला लागले आणि झोनमध्ये कोपऱ्यात वेळेवर पोचायला लागलीस की तुला दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात देतो," हे सांगणं झालं (झोन म्हणजे एकेकीला न धरता आपापली जागा राखायचा डिफेन्स). आणि मग ते झालं की खरंच द्यायचं, समोर कोणताही संघ असो. एकदा शब्द मोडलात तर बाकी अकरा जणींशी झालेलं बोलणंही फुकट जातं. म्हणून मिनिटांचा शब्द देऊ नका, प्रसंगाचा द्या. "तुला बारा मिनिटं देईन" म्हणालात आणि मॅच वेगळी गेली तर अडकाल. "समोरच्यांनी प्रेस लावला की पहिली तू आत येशील" असं म्हणालात तर ती प्रेस (कोर्टभर दाबून केलेला डिफेन्स) लागायची वाट बघत बसेल, डोळे मॅचवर ठेवून.

पहिला बदल दर मॅचला साधारण त्याच सुमाराला करा. माझा पहिला सब (बदली खेळाडू) पाचव्या मिनिटाच्या आसपास जातो, आणि तो कोण हे त्याला आदल्या दिवशी माहीत असतं. चौथ्या मिनिटाला तो आपणहून पाय मोकळे करायला लागतो.

चुकीनंतर लगेच बाहेर काढण्याबद्दल. हे मी फार वर्षं केलं, आणि एका मुलाचं नुकसान डोळ्यांनी बघितलं. शॉट हुकला की बॉल कुठे पडतोय हे बघायच्या ऐवजी तो बेंचकडे, माझ्याकडे बघायचा. रिबाउंड समोरचा घेऊन जायचा. पुढे मी स्वतःला एक नियम घातला: हातातून चूक झाली तर पुढच्या दीड मिनिटात त्या खेळाडूला काढायचं नाही. परत धावत न येणं, बॉक्सआउट (रिबाउंडच्या वेळी समोरच्याला अंगानं मागे रोखणं) न करणं, यासाठी लगेच काढतो, आणि ते सगळ्यांना हंगामाच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. पास हातातून निसटणं हे पहिल्या प्रकारातलं. तिला तेव्हा आत राहू द्यायला हवं होतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डीन स्मिथ १९६१ ते १९९७ त्या संघाचे कोच होते. त्यांची एक पद्धत मी उचलली. दमलास तर मूठ वर कर, मी तुला बाहेर घेतो. आणि आपणहून बाहेर आलास तर दम खाऊन परत आत जायचं तूच सांगायचं. यानं खेळाडू दम लपवत नाहीत. लपवायचं कारण एकच असतं, बाहेर गेलो तर परत येणार नाही ही भीती. तुमच्या ७ नंबरच्या गुडघ्याला तर हे फारच उपयोगी आहे. तिला पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यांत खेळवा, सलग पंधरा मिनिटं नको.

आणि कॅप्टनचा मान. सुरुवात कोण करतं यापेक्षा शेवटची पाच मिनिटं कोर्टवर कोण असतं ते मुली बघतात. १४ ला सुरुवात करू दे, बॉलवर दाबू दे. ७ ला तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसवा, पहिली पाच मिनिटं तिला समोरचा संघ वाचू द्या, मग आत पाठवा, आणि समोरचा वेग झेपत असेल तर शेवटही तिच्या हातात द्या. व्हिलानोव्हा विद्यापीठाचा डॉन्टे डिव्हिन्चेन्झो अमेरिकन कॉलेज स्पर्धेच्या २०१८ च्या अंतिम सामन्यात बेंचवरूनच आला होता. मिशिगनविरुद्ध ३१ गुण केले, संघ ७९-६२ जिंकला, आणि अंतिम चार संघांतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पण तिला हे उदाहरण देऊन गोड लावू नका. गुडघ्यामुळे डिफेन्समध्ये काय होतंय ते व्हिडिओवर दाखवा. ती पॉइंट गार्ड आहे, तिला ते तुमच्या आधीच दिसलं असेल.

---

नंबर_पंधरा

ताई, मी कॉलेजात तीन वर्षं बेंचवर बसले. तुमच्या ९ नंबरची चेन वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिल्या वर्षी एका मॅचला आम्ही तीस-पस्तीसनं पुढे होतो. शेवटची पन्नास सेकंद राहिली तेव्हा मला आत पाठवलं. दीड तास बसून पाय थंड पडले होते. बॉल एकदाही हातात आला नाही. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या, प्रेमानंच वाजवत होत्या, आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. मोठी आघाडी असेल तर सहा-सात मिनिटं राहिलेली असताना पाठवा, म्हणजे निदान दोन-चार वेळा इकडून तिकडे पळणं होतं, अंग तापतं, एखादा सेट नीट खेळता येतो.

दुसऱ्या वर्षी आमच्या कोचनी मला वेगळं काम दिलं. दर मॅचच्या आठवड्यात सरावात मी समोरच्या संघाची मुख्य स्कोअरर व्हायचं. वेगळ्या रंगाचं बिब घालायचं, तिच्यासारखं खेळायचं. मी व्हिडिओ बघून तिचं सगळं पाठ करायचे: शूट करायच्या आधी एक ड्रिबल डावीकडे घेते, थकली की डावीकडे जाणं सोडते, असं. आमच्या पहिल्या पाच जणी माझ्याविरुद्ध डिफेन्स शिकायच्या. एकदा सरावात मी त्यांच्यावर सलग चार बास्केट केल्या, तेव्हा कोचनी सराव थांबवून सांगितलं, "हिला कशी अडवायची ते तिलाच विचारा." मी फळ्यावर काढून दाखवलं. त्या आठवड्याच्या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरला आमच्या दोन फॉरवर्डचे चार-चार फाऊल झाले आणि मला तीन मिनिटं त्या खऱ्या मुलीवर सोडलं. तिनं एकच बास्केट केली. मला तिचा डावा ड्रिबल यायच्या आधी ऐकू यायचा.

तीन वर्षांत माझी सगळी मिळून मिनिटं दोन मॅचची भरतील की नाही शंका आहे. पण त्या दुसऱ्या वर्षापासून मी सरावाला उशिरा एकदाही गेले नाही. तुमच्या १०, ११, १२ व्या मुलींना असं काहीतरी खरं काम द्या. पाण्याच्या बाटल्या भरणं आणि टाळ्या वाजवणं हे काम म्हणून सांगू नका, ते आम्ही न सांगताही करतो.

---

स्कोअरटेबल

टेबलवर बसतो, म्हणून फक्त व्यवहाराचं सांगतो.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) स्कोअरशीटवर खेळाडू आत आली की नाही एवढीच खूण असते, किती मिनिटं खेळली ते नसतं. तुम्हाला वाटत असेल की ९ ला दोन मिनिटं दिली, प्रत्यक्षात ती चाळीस सेकंद असू शकतात. व्हिडिओ आहे तर पुन्हा बघून लिहून काढा. बेंचवरच्या एकीला वही देऊन आत-बाहेर जाण्याच्या वेळा लिहायला सांगता येतात. घरून फोन आला तर बोलायला आकडा हातात असतो.

दुसरं, सब स्वतः टेबलपाशी येऊन मागतो, कोचनं ओरडून चालत नाही. आणि बॉल डेड होऊन घड्याळ थांबल्याशिवाय बदल होत नाही. बास्केट झाली म्हणून एरवी घड्याळ थांबत नाही, चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबतं. वेगवान मॅचमध्ये दीड-दोन मिनिटं शिट्टीच वाजत नाही असं होतं. तेव्हा पाचव्या मिनिटाचा बदल हवा असेल तर खेळाडूला सव्वाचार मिनिटं झाली की टेबलजवळच्या खुर्चीत बसवा. बरेच कोच इथेच चुकतात आणि मग दमलेली खेळाडू फाऊल करून बसते.

खेळाडू आत असताना संघ किती पुढे-मागे गेला, हा प्लस-मायनस मुलींना एका मॅचवरून दाखवू नका. तो त्या वेळी सोबत कोण होतं यावर फार हलतो. आठ-दहा मॅच झाल्या की बघा.

---

झोन_२_३

थोडा वेगळा सूर लावतो. बेसलाइन सरांचा आदर आहे, पण नऊ जणींचं रोटेशन मला मोठं वाटतं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या संघानं २०१४-१५ च्या सुरुवातीला पाच-पाचच्या दोन तुकड्या करून खेळवलं. त्यांच्याकडे दहाही जण तोडीचे होते, आणि तरी डिसेंबरमध्ये एक फॉरवर्ड गुडघ्यानं जायबंदी झाल्यावर ती काटेकोर वाटणी मागे पडली. तो संघ सलग ३८ जिंकून उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनकडून हरला. आपल्यासारख्या संघांत सहाव्या-सातव्यानंतर खेळ खाली येतो, हे मान्य करायला हवं. चुरशीच्या मॅचला सात, फार तर आठ. नववी प्रसंगानुसार.

आणि "काय झालं तर बदलेल" हे सांगताना जपून. पोरं त्याचा करार करतात. सात लेअप झाले, आता द्या दुसरा क्वार्टर. त्या दिवशी समोर दुप्पट ताकदीचा संघ असेल तर तुम्ही काय कराल?

---

बेसलाइन

झोन_२_३, प्रश्न रास्त आहे. मी देतो. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीच्या तीन मिनिटांनी मॅच क्वचितच जाते, आणि मी शब्द देतानाच तो इतका लहान ठेवतो की मोठ्या संघासमोरही पाळता येईल. सात की नऊ यावर वाद नाही, फक्त मुलींना आकडा आधी कळू दे.

---

मधली_रेषा

मॅच होऊन दोन दिवस झाले. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काय झालं ते सांगते.

७ नंबरशी दुसऱ्याच दिवशी बोलले. आधी माफी मागितली. ती बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत होती. मग म्हणाली, "मॅडम, मला माहीत होतं. सेंटरला फाऊल पडायचे तेव्हा ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, मला वाईट वाटू नये म्हणून." व्हिडिओ लावायची गरजच पडली नाही. मुठीची खूण ठरवली. पहिली पाच मिनिटं माझ्या शेजारी बसायचं ठरलं. तिनं एकच मागितलं: मॅचच्या आधीची हडल (संघ गोल करून बोलतो ती) तीच घेणार. मी म्हटलं, ती तुझीच आहे. दुसऱ्या दिवशी सरावात तिनं आपणहून १४ ला बाजूला घेतलं आणि सेटमध्ये थांबायचं कुठे हे हाताला धरून दाखवलं. पाण्याच्या वेळी अजून दोन घोळके आहेत, पण १४ आता मध्ये उभी नसते.

९ नंबरला विचारलं, तुझं काम काय असं तुला वाटतं? ती म्हणाली, "कोणी दमलं तर." वाक्य तिथेच थांबलं. मी तिला सांगितलं की समोरचे झोन लावतील तेव्हा फ्री थ्रो लाइनच्या मध्ये बॉल घ्यायला मला ती हवीय, कारण तिथून ती दोन्ही कोपरे बघू शकते, सरावात मी ते पाहिलंय. मॅचमध्ये दुसऱ्या क्वार्टरला त्यांनी झोन लावला. मी उठले तोवर ती जॅकेट काढून टेबलजवळ पोचली होती. साडेचार मिनिटं खेळली (वहीत लिहिलेलं आहे). एक पास चुकला. मी खुर्चीवरून उठले नाही. त्यानंतर तिनं कोपऱ्यात दोन पास दिले आणि दोन्हींवर बास्केट झाली.

सहा गुणांनी जिंकलो. शेवटची चार मिनिटं ७ आणि १४ दोघी एकत्र होत्या. बॉल ७ कडे, आणि डिफेन्समध्ये वेगवान गार्डवर १४. हे मला आधी सुचलंच नव्हतं. ७ नंबरनंच टाइमआउटमध्ये सुचवलं.

बारावी मुलगी आता वही सांभाळते आणि समोरच्या पॉइंट गार्डची सरावात नक्कल करते. नंबर_पंधरा, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. तिनं फोनवर तो भाग पाठवायला सांगितला.

एक गोष्ट मात्र बिघडली. ५ नंबर, तिसऱ्या वर्षाची, गेल्या वर्षी सुरुवातीच्या पाचात होती, आता रोटेशनमध्ये आठवी आहे. तिलाही सगळं स्पष्ट सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, या हंगामानंतर मी खेळणार नाही, अभ्यास बघते. रागानं नाही बोलली. अजून पाच मॅच बाकी आहेत. जाणारच आहे तर तिची मिनिटं ९ ला द्यावी का, की तिला आधीसारखंच खेळवावं?

---

बेसलाइन

आधीसारखंच खेळवा. तिनं खरं सांगितलं म्हणून तिची मिनिटं गेली असं दिसलं, तर पुढच्या वर्षी कोणी तुमच्या खोलीत येऊन खरं बोलणार नाही. ९ सरावात तिच्या पुढे गेली तर तेव्हा द्या, आणि ते ५ ला आदल्या दिवशी तुम्ही स्वतः सांगा. आणखी एक. तिला विचारा की पाच मॅचपैकी कुठली एक तिला सुरुवातीपासून खेळायची आहे. बहुधा तिच्याकडे उत्तर तयार असेल.

---

मधली_रेषा

विचारलं, सर. तयार होतं. शेवटून दुसरी, कारण त्या संघात तिची शाळेतली जोडीदार खेळते. तारीख वहीत लिहून घेतली आहे.